रिकामा हुक

१

सकाळी हँगरचं दार सरकवलं की माझं पहिलं काम केबलचं. बाकीचं हेलिकॉप्टर मेकॅनिक तपासतो, वैमानिक तपासतो, पण विंचची, म्हणजे माणूस वर ओढायच्या यंत्राची, केबल मी तपासते आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. यावरून कुणी मला हेकट म्हणत असेल तर खुशाल म्हणू दे. करंगळीपेक्षाही बारीक अशी ती पोलादी केबल. तिच्या टोकाला हुक, हुकला माणूस, आणि माणसाच्या खाली पुष्कळदा काहीच नसतं. त्या माणसाला वर घेणं हे माझं काम आहे.

तपासणीची रीत साधी आहे. मी हेलिकॉप्टरच्या बाजूच्या दारात पाय सोडून बसते. उजव्या हातात विंचचं बटण, डाव्या हातात चामड्याचा मोजा आणि त्या मोज्याच्या मुठीतून जाणारी केबल. बारक्या हुक घेऊन हँगरच्या दुसऱ्या टोकाकडे चालत जातो आणि मी केबल सोडत जाते. एखादी तार तुटलेली असेल तर मोज्याला टोचते. बारक्या म्हणजे आमचा हुकवर उतरणारा गडी. नावावर जाऊ नका, स्वारी दारातून आत यायची तर आडवी होऊन येते.

त्या दिवशी मी वर बघत होते, कारण केबल सुटताना डोळा वरच्या चाकावर ठेवावा लागतो. "चल रे पुढे," म्हणाले आणि बटण दाबलं. केबल मुठीतून निघाली. चालत्या माणसाच्या संथ गतीने, व्यवस्थित. निम्मी सुटली असेल आणि माझ्या पाठीमागून, चहाच्या टेबलाकडून, बारक्याचा आवाज आला.

"ताई, एक मिनिट हं. घरून फोन आहे."

केबल अजून चाललीच होती.

मी बटण सोडलं. मुठीत बारीकसा ताण आला. कुणाचा हात धरून चालताना आपण मध्येच थांबावं आणि पुढच्या माणसाला ते जरा उशिरा कळावं, तसा. मग केबल सैल पडली. हुक पार तिकडच्या भिंतीशी, आगीच्या लाल बादल्यांखाली पडलेला होता.

"हुक कुठे ठेवला होतास?" मी बारक्याला विचारलं.

"इथेच की, हेलिकॉप्टरच्या चाकापाशी. का हो?"

"काही नाही. बोल फोनवर."

आता यात घाबरण्यासारखं काय आहे? मी घाबरलेही नाही, मी चिडले. केबल ताठ असते, ती स्वतःलाच पुढे ढकलते, असं मी स्वतःला सांगितलं. पण ढकलते तेव्हा तिची वेटोळी होतात, सरळ रेघ होत नाही. मग म्हटलं, फरशीला उतार असेल. खिशातून बेअरिंगची एक गोळी काढून फरशीवर ठेवली. ती आपली जिथल्या तिथे राहिली.

२

हेलिकॉप्टर आणि लष्कर म्हटलं की गोष्ट ऐकणाऱ्याला लगेच एक मेलेला सैनिक हवा असतो. कुणीतरी हातातून सुटला, दरीत गेला, आणि आता तो परत आलाय वगैरे. तसलं काही माझ्याकडे नाही. लष्करात मी कित्येक वर्षं अशाच दारात बसून काढली आणि माझ्या केबलवरून एकही माणूस पडलेला नाही. जखमी होते, घाबरलेले होते, एकदा तर शिव्या देणारा एक मेजर होता, पण सगळे वर आले. भुतं शोधणाऱ्यांनी दुसरं दार ठोठावावं.

लष्करातली पद्धत वेगळी होती. तिथे वायरलेसवर बोलायला बंदी असायची, त्यामुळे आम्ही केबलवरूनच बोलायचो. खालच्या माणसाने हुक अडकवला की तो केबलला दोन हिसके द्यायचा. त्याचा अर्थ, मी तयार आहे, वर घ्या. मी वरून हातभर केबल सैल सोडून पुन्हा धरायचे. म्हणजे, कळलं, घेते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आमच्या तुकडीचं आम्ही बसवलेलं होतं. या मुठीने मी अंधारात, धुक्यात माणसं ओळखली आहेत. कोण थरथरतोय, कोण बेशुद्ध आहे, कोण उगाच धीट असल्याचं सोंग करतोय, सगळं कळायचं.

मग आमची जुनी हेलिकॉप्टरं मोडीत निघाली आणि त्यांच्याबरोबर आमची तुकडीही. काही महिने घरी बसले. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवल्या. एका बाईंना "हा तुम्हाला शोभत नाही" असं तोंडावर सांगितल्यावर नवऱ्याने हात जोडले. त्यानंतर ही हवाई बचावाची नोकरी लागली. मुलकी काम, सगळे एकमेकांशी मोकळेपणी बोलणारे. फारच बोलतात खरं तर, वायरलेस क्षणभर गप्प नसतो.

नोकरी लागली ती मात्र चाचणीवर. कायम करायचं की टेबलावर बसवून फोन घ्यायला लावायचं, हे ठरवणार होते आमचे वैमानिक. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते हवेतही फळ्यासमोर उभे असल्यासारखे बोलतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "लष्करातून आलेल्यांना दोन सवयी असतात. ते वेळेवर येतात आणि ऐकत नाहीत. पहिली सवय ठेवा."

टेबल! या वयात मी फोन उचलून "थांबा हं, जोडून देते" म्हणणार? त्यापेक्षा फ्रेमी दाखवलेल्या बऱ्या. विंच चालवणारीची सगळी पुंजी तिची मूठ असते. ती मूठ खोटं सांगायला लागली असेल, तर मला त्या दारात बसायचा अधिकार नव्हता, हेही मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या न हललेल्या गोळीकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

३

"तुझं काहीतरी बिनसलंय," नवरा म्हणाला. आम्ही जेवायला बसलो होतो. "भात घेतलास, वरण घ्यायला विसरलीस, आणि कोरडाच खातेयस."

"काही नाही रे."

"अगं, गिऱ्हाईक 'मला सगळं स्पष्ट दिसतं' म्हणतं ना, अगदी तशी म्हणालीस."

मग सांगितलं. हसला नाही, हे त्याचं बरं आहे. डावा हात मागून घेतला, उलटापालटा करून बघितला, बोटं वाकवून बघितली, जसं काही तो हाडांचाच डॉक्टर आहे.

"मुंग्या येतात?"

"नाही."

"बधिरपणा?"

"अरे, नाही. उलट सगळं जास्त कळतंय. नको ते कळतंय."

"मग हाताचं ऐक," तो म्हणाला. "डोळ्यांचं मला सांगू नकोस. डोळे किती फसवतात त्यावर माझं दुकान चालतं."

मी हसले. तोही हसला. पण नंतर भांडी विसळताना मी नळाखाली हात धरून बराच वेळ उभी राहिले. त्या सकाळचा ताण अजून तळव्यात होता, आणि तो मला नकोसा वाटत नव्हता. हे मी त्याला सांगितलं नाही.

४

पहिली खरी हाक आली ती दगडाच्या खाणीतून. कड्याचा एक भाग ढासळला होता आणि एक मजूर पाय मोडून मधल्या कपारीत अडकला होता. मी बारक्याला खाली सोडलं. त्याने जखमीला पट्ट्यांमध्ये बांधलं. तोवर आम्ही जरा बाजूला होऊन पुन्हा त्यांच्या डोक्यावर आलो आणि मी रिकामा हुक खाली सोडायला लागले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हेलिकॉप्टर हवेत फिरलं की त्याच्या अंगात वीज साठते. खालच्या माणसाने वरून येणारा हुक थेट धरला तर तो असा झटका खातो की दात वाजतात. म्हणून हुक आधी जमिनीला टेकवायचा, वीज उतरू द्यायची, मगच माणसाने हात लावायचा. घाईघाईत नवशिके हमखास चुकतात. बारक्या नवशिका नव्हता, तो हात छातीशी बांधून उभा होता.

पंख्याच्या वाऱ्यात रिकामा हुक कधीच सरळ जात नाही. भिरभिरतो, गोल फिरतो, कड्यावर आपटतो. त्या दिवशी तसाच भिरभिरत निम्म्यापर्यंत गेला. आणि कानातल्या हेडफोनमध्ये टक् असा आवाज झाला. वीज उतरते तेव्हा होतो, तोच. हुक तेव्हा जमिनीपासून चांगला घराएवढा उंच होता, खडकापासून लांब होता, आजूबाजूला नुसती हवा होती.

मूठ जड झाली. केबल एकदम स्थिर झाली आणि हुक ओळंब्यासारखा सरळ खाली गेला. तो बारक्याच्या छातीसमोर जाऊन थांबला. मी थांबवला म्हणावं तर माझा अंगठा नंतर उठला.

"वा!" बारक्या वायरलेसवर ओरडला. "ताई, लोण्यासारखा!"

मजूर वर आला, बारक्या वर आला. खाली खाणीच्या काठावर माणसं टोप्या हवेत उडवत होती. मास्तर एरवी कुणाचं कौतुक करत नाहीत, तेही म्हणाले, "असा हात मी बघितला नव्हता."

मलाही असा हात माहीत नव्हता. उतरल्यावर बारक्या हेल्मेट काढत जवळ आला.

"मी हात बांधूनच राहिलो होतो, पण हुक टेकलाच नाही हो. शेवटी राहवलं नाही म्हणून धरला. झटका नाही, काही नाही. आधी कुठे टेकवलात?"

"कुठेच नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला, पण हसता हसता त्याने दोन्ही तळवे पँटला पुसले.

५

पुढचे दिवस विजयाचे होते. मी बढाई मारत नाही, खरंच तसं झालं. पुराच्या पाण्यात झाडावर चढून बसलेलं कुटुंब, बंद पडलेल्या बोटीवरचे कोळी, सुळक्यावर अडकलेली गिर्यारोहक पोरगी. प्रत्येक वेळी रिकामा हुक खाली जायचा, मध्येच टक् व्हायचं, मूठ भरायची आणि तो नेमका ज्याला हवा त्याच्या हातात पडायचा. बाजारात लोक मला ओळखायला लागले. दुकानात नवऱ्याने माझा फोटो लावला, तोही मी चष्मा न लावता काढलेला. मला आनंद व्हायचा. खूप व्हायचा. वर आलेला माणूस पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो तेव्हा त्याच्याइतकंच मलाही रडू येतं, अजूनही येतं.

आणि तरी दर वेळी, हुक निम्म्यावर पोचायच्या आधी, माझ्या मानेवर काटा उभा राहायचा. आता. आता धरेल. ते वजन मला ओळखीचं व्हायला लागलं होतं. ते भारी माणसाचं नव्हतं. ते धीराने धरायचं, पण त्या धीराखाली बारीक कंप असायचा. हुक ज्याचा त्याला देऊन झाला की सुटायचं. कधीच वर आलं नाही. हेलिकॉप्टर तोंड फिरवून निघायचं तेव्हा मी दारातून खाली बघत राहायचे. दगड, पाणी, झाडं, आणखी काही नाही.

लोक टाळ्या माझ्यासाठी वाजवत होते आणि मला तर माहीत होतं की अर्धं काम माझं नाही. हे मला सहन होईना. शेवटी मास्तरांना सांगून टाकलं. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

मास्तर खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. 

"विंच बदलू," ते म्हणाले.

विंच बदलली. नवी कोरी, कारखान्याच्या तेलाचा वास असलेली, केबलही नवी. मेकॅनिकने दोनदा तपासून दिली. दुसऱ्याच दिवशी सरावाला रिकामा हुक मोकळ्या माळावर सोडला. खाली बारक्या नव्हता, कुणीच नव्हतं. निम्म्यावर टक् झालं.

"धरलं?" मास्तरांनी विचारलं. ते आपण होऊन विचारतील असं मला वाटलं नव्हतं.

"धरलं."

त्यांनी मला हुक वर घ्यायला लावला. मग म्हणाले, "मशीन बदलून झालं. राहता राहिला तुमचा हात. पुढच्या कामगिरीत मी सांगेन ते त्या क्षणी करायचं. हाताचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं. नाहीतर मी तुम्हाला दारात बसू देणार नाही. तुमच्या हातावर बारक्याचा जीव आहे."

यात एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि म्हणूनच मला रागही आला नाही.

६

रोपवेचा डबा दरीच्या मधोमध अडकला, ती ऊन तिरपं झालेली दुपार होती. वरच्या जाड तारेवर डब्याला धरून ठेवणारे दोन चिमटे असतात. त्यातला एक तुटला होता, दुसरा घसरत होता. डबा एका बाजूला कलला होता आणि वाऱ्याने झुलत होता.

बारक्या डब्याच्या छतावर उतरला, वरची झडप उघडून आत शिरला आणि एकेकाला वर काढून हुकला अडकवत गेला. मी एकेकाला आत घेत गेले. ते सगळे आम्ही पलीकडच्या पठारावर उतरवले आणि उरलेल्यांसाठी परत आलो. डब्यात आता एक आजी होत्या आणि बारक्या. आजी सगळ्यांना आधी जा म्हणत बसल्या होत्या, म्हणून शेवटी राहिल्या होत्या. बारक्याने त्यांना स्वतःच्या पट्ट्याला बांधून घेतलं आणि छतावर आणलं. आता फक्त हुक मिळायचा बाकी होता.

मी हुक सोडला. वाऱ्याचा एक जोरदार फटका आला. हुक डब्याच्या पलीकडे, माझ्या नजरेआड गेला, आणि केबल एकाएकी ताठ झाली. हेलिकॉप्टरला खालून हिसडा बसला.

"अडकली," मास्तर म्हणाले. "छताच्या कठड्यात गेली असणार. कापा."

असं झालं की केबल कापायचीच असते, त्यासाठी माझ्या हाताशी लाल झाकणाचं एक बटण असतं. डबा पडला तर तो आम्हालाही घेऊन जाईल. मी झाकण उघडलं. खाली बारक्या एका हाताने आजींना आणि दुसऱ्या हाताने छताची कडी धरून वर बघत होता. केबल कापली की त्या दोघांसाठी दुसरा हुक नव्हता. त्यालाही ते माहीत होतं.

कठड्यात अडकलेली केबल हाताला मेलेली लागते. पोलादावर पोलाद, बस्स. ही तशी नव्हती. वारा आला की थोडी द्यायची, गेला की पुन्हा घ्यायची. कुणीतरी पाय रोवून ती धरून ठेवत होतं.

"ताई, कापा! ऐकताय ना?"

"अडकलेली नाही. धरलेली आहे."

"बारक्याच्या हातात हुक नाहीये!"

"माहितीये मला!"

"तुम्ही कापत नसाल तर मी कापतो." तसलंच बटण त्यांच्याही दांड्यावर असतं.

आणि माझ्या मुठीत दोन हिसके बसले. स्वच्छ, एकामागून एक. या नोकरीत कुणालाही ती खूण माहीत नव्हती. मी कुणाला शिकवली नव्हती.

मी घाबरले.  पण मूठ घाबरली नव्हती. मी लाल झाकण खाडकन बंद केलं, हातभर केबल सैल सोडली आणि पुन्हा धरली. कळलं, घेते.

"मास्तर, एवढं एक माझं ऐका," मी ओरडले. "नंतर टेबलावर बसवा, घरी बसवा, काय हवं ते करा. आत्ता स्थिर राहा!"

 हेलिकॉप्टर स्थिर राहिलं. अगदी खिळा ठोकल्यासारखं.

हुक डब्यामागून वर आला, छतावरून सावकाश सरकत गेला आणि बारक्याच्या तळव्यात बसला. त्याने अडकवला. मी वर घेतलं. त्यांचे पाय छतावरून उचलले जातात न जातात तोच दुसरा चिमटा सुटला आणि डबा खाली गेला. आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं येणारच नाही.

"आईशप्पथ!" बारक्या किंचाळला. रडत होता की हसत होता ते कळेना. "ताई, हातात दिला हो! कुणीतरी हातात दिला!"

"घेतेय, घेतेय वर," मी म्हणाले. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या. जिंकलो होतो आम्ही. दरीच्या दोन्ही काठांवर उभी असलेली माणसं ओरडत होती, पंख्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं तरी उंचावलेले हात दिसत होते.

७

मूठ मात्र अजून जड होती.

दोघांचं वजन मला कळतं. बारक्याचं तर पाठ आहे. हे त्याहून जास्त होतं, आणि ते खाली राहिलं नव्हतं. या वेळी सुटलंच नव्हतं.

मी खाली बघितलं. बारक्याचं हेल्मेट, त्याच्या छातीशी आजींचं पांढरं डोकं, त्यांच्या वर हुक, हुकच्या वर उन्हात चकाकणारी मोकळी केबल. मग समोर बघितलं. ऊन पाठीमागून होतं, त्यामुळे समोरच्या कड्यावर आमची सावली पडली होती. पोट, शेपूट, पंखा, खाली केबलची रेघ. रेघेच्या टोकाला दोघं बिलगून होते. आणि त्यांच्या वर, हुकच्याही वर, केबल दोन्ही हातांनी कवटाळून आणखी कुणीतरी. मान वर केलेली. दाराकडे, म्हणजे माझ्याकडे.

माझा अंगठा बटणावर होता. उचलला असता तर विंच थांबली असती. पण मग बारक्या आणि आजी तिथेच दरीवर लटकत राहिले असते, आणि त्यांना आत घ्यायचं तर जे वर होतं ते आधी दारात येणार होतं. दुसरा रस्ता नव्हता. खरं सांगू? तो शोधावासाही वाटेना. इतके दिवस ज्याने प्रत्येकाला हुक दिला आणि स्वतः खाली राहिलं, त्याने आज दोन हिसके दिले होते. वर घ्या म्हणून. आणि मी घेते म्हणून कबूल केलं होतं.

सावली वर सरकत होती. मी केबल बघायचं बंद केलं आणि फक्त कड्याकडे बघत राहिले. ती आकृती दारापाशी आली आणि हेलिकॉप्टरच्या सावलीत मिसळून गेली. आता ते कुठे आहे हे दाखवायला काही उरलं नाही. दारात वारा होता, ऊन होतं, आणि मी.

वर आलेल्या प्रत्येकासाठी मी जे करते तेच केलं. केबल सोडून डावा हात बाहेर धरला.

"या," मी म्हणाले. "घाबरू नका. आत या."

मोज्यावरून माझ्या मनगटाला पकड बसली. घट्ट, पाचही बोटांची. गार होती. भयंकर गार. ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही, कारण ती पकड थरथरत होती. वाचलेल्या माणसाचा हात थरथरतो तशी. ते थरथरणं मी हजार माणसांत ओळखेन. मी ओढलं. हेलिकॉप्टर माझ्या बाजूला किंचित कललं, कुणी चढलं की कलतं तेवढंच, आणि मास्तरांनी ते सावरलं.

मग बारक्या आला, आजी आल्या. बारक्या फरशीवर उताणा पडून छताकडे बघत हसत होता. आजींनी माझा गाल कुरवाळला आणि मागच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या आसनाकडे बघून जरा सरकून बसल्या, बसमध्ये शेजारच्याला जागा करून द्यावी तशा. मी त्यांना घोंगडी दिली. आणखी एक घोंगडी काढली आणि त्या रिकाम्या आसनावर टाकली. बारक्याचं हसू थांबलं आणि तो उठून बसला.

"ताई," मास्तरांचा आवाज हेडफोनमध्ये आला. नेहमीचा फळ्यासमोरचा सूर नव्हता. "उद्यापासून तुम्ही कायम. ते दार तुमचं. मी यापुढे बोलणार नाही."

मी हुक जागेवर अडकवून टाकला.

"निघतो मग," ते म्हणाले.  समोरच्या काट्यांवर वाढलेलं वजन त्यांनाही दिसत असणार, ते वैमानिक आहेत. "सगळे आत?"

मी वळून मागे बघितलं. घोंगडी आसनावर सपाट पडली नव्हती.

"हो," मी म्हणाले. "सगळे आत." आणि दार ओढून घेतलं.